ठमी आणि तुझी ड्युटी

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, "बाबा, हॉस्पिटलात डॉक्टर म्हणून रेसिडेन्सीला लागल्यापासून मी तुमच्या कुत्र्यांसारखी झालेय. कुणी 'सिट' म्हटलं की बसते." तू हसलीस, मीही हसलो. फोन ठेवल्यावर आई म्हणाली, यात हसण्यासारखं काय होतं? फोनवर मला धड बोलता येत नाही, म्हणून लिहितोय.

आधी कुत्र्यांची बाजू मांडतो, कारण तुझ्या बोलण्यात त्यांच्यावर अन्याय झाला. सध्या आपल्याकडे रुद्र म्हणून मॅलिनॉय जातीचा एक कुत्रा शिकायला आहे. चेंडूसाठी नुसता वेडा. थोडा वेळ काम झालं की मी थांबतो, तो थांबायला तयार नसतो. सासवडच्या मे महिन्यातल्या उन्हात मी चेंडू फेकत राहिलो, तर तो कोसळेपर्यंत पळेल. कुत्र्याला घाम येतो तो जेमतेम पंजांच्या गाद्यांना, बाकी सगळी भिस्त धापा टाकण्यावर. अंगातला ताप ४१ अंशांपलीकडे गेला की जिवावर बेततं. त्याला ते उमगत नाही, उमगलं तरी चेंडूपुढे त्याची किंमत नाही. म्हणून तर श्वान हस्तक, म्हणजे कुत्र्याला सांभाळणारा माणूस, लागतो! रोज पंजे उलटून बघायचे, कान हुंगायचे, खरारा करायचा, वजन घ्यायचं, शी कशी झाली ते बघायचं. हुकूम द्यायचं काम त्यानंतरचं.

झंजीरची गोष्ट तू लहानपणी शंभरदा ऐकली आहेस. पुण्यात शिवाजीनगरच्या सीआयडीच्या श्वान केंद्रात शिकलेला पोलिसांचा लॅब्रॅडॉर, १९९३ च्या स्फोटांच्या वेळी मुंबईत त्याने ३,३२९ किलो आरडीएक्स हुंगून काढलं. लोक आकडा सांगतात. पण ते आरडीएक्स आहे हे त्या बिचाऱ्याला कुठे ठाऊक? त्याला वास ओळखायचा होता आणि शाबासकी हवी होती. दमला असेल तेव्हा त्याला बाजूला घेणारा माणूस शेजारी होता, म्हणून ते काम झालं.

तुला हुकूम देणारे तिथे पुष्कळ आहेत, पंजे बघणारा कुणी नाही. फरक एवढाच आहे, आणि तो लहान नाही.

आता आपली मांजर, ठमी. तू गेलीस तेव्हा ती एवढीशी होती, आता शेडची मालकीण आहे. कुत्री येतात, शिकतात, जातात, ही तिथेच. नवा कुत्रा आला की पहिले काही दिवस मी जाळीतून भेट घडवतो. कुत्रा पट्ट्यात, ठमी मोकळी. त्याने तिच्यावरून नजर काढून माझ्याकडे बघितलं की खाऊ. पुढे तो 'स्टे'मध्ये बसलेला असताना ही शेपटी उभी करून त्याच्या नाकासमोरून जाते. परीक्षा कुत्र्याची असते, पण परीक्षक आपणच, असा तिचा थाट! (आई म्हणते, हिला पगार द्या.)

पण ती हे करू शकते, कारण तिची वर जायची वाट कधी बंद नसते. पत्र्याखाली तिच्यासाठी फळी ठोकली आहे. तिचं जेवणही तिथेच, कारण खाली ठेवलं तर रुद्र एका घासात संपवेल. कुत्र्यांचं खाणं तिला चालत नाही. टॉरिन नावाचं द्रव्य मांजराला अन्नातूनच पुरेसं मिळावं लागतं, ते कमी पडलं तर डोळे जातात, हृदय कमजोर होतं. तू डॉक्टर, तुला काय सांगायचं! पण इतरांना जे पचतं ते आपल्यालाही पचलंच पाहिजे, असं ती धरून चालत नाही. दिवसातून कितीतरी वेळा थोडं थोडं खाते, भरपूर झोपते, आणि जागेपणीचा बराच वेळ अंग चाटण्यात घालवते. तेवढ्यात रुद्रने शंभर हुकूम पाळलेले असतात. तिला त्याचं काही नाही.

एक गोष्ट मात्र तिची घेऊ नकोस. मांजर दुखणं लपवतं. कण्हत नाही, उलट दुखत असतानाही लाडात आल्यासारखं घुरघुरतं, आणि घरच्यांना वाटतं की स्वारी खुशीत आहे. आम्ही अशा वेळी केसांकडे बघतो. अंग चाटणं सोडलं, केस राठ झाले, गुंता झाला, की मांजर डॉक्टरकडे न्यायचं. परवाच्या व्हिडिओ कॉलवर तू "मस्त चाललंय" म्हणालीस तेव्हा मी तुझे केस बघत होतो. आईनेही बघितले. दोघंही काही बोललो नाही.

हिमोग्लोबिन तपासून घे. दुसऱ्यांचं रोज काढतेस, एक सुई स्वतःला. रिपोर्टचा फोटो मला पाठव, "नॉर्मल आहे" असं नुसतं लिहून चालणार नाही. रात्रपाळीनंतरच्या सकाळी 'जरा वॉर्डात ये' म्हणून फोन आला, तर खरंच गरज आहे का ते विचारायला शीक. ड्युटी असेल तर जायचंच, त्यात मी काही बोलणार नाही. पण नसताना नुसती हाक आली म्हणून धावायचं नाही. खोलीला कडी आहे ना? ती लावून झोप.

मेतकूट, डिंकाचे लाडू आणि भाजणी उद्या कुरिअरने निघेल. लाडू मैत्रिणींना वाटून संपवशील हे आईला ठाऊक आहे, म्हणून तिने तुझ्या नावाची चिठ्ठी लावून एक डबा वेगळा भरलाय. तो कपाटात वरच्या कप्प्यात ठेव.

तुझे,
बाबा

ता. क. दिवाळीची सुट्टी आत्ताच लेखी माग. तोंडी मागितलेली सुट्टी ऐन वेळी कुणाला आठवत नाही.