वोल्मीदो निर्जन नव्हते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत १९५० च्या कोरिया युद्धातल्या, इंचॉन बंदरावरच्या चढाईवर आलेला लेख मी दोनदा वाचला. अमेरिकी जनरल मॅकआर्थरची हिंमत, अडीचशेहून अधिक जहाजांचा ताफा, दक्षिणेला पुसानच्या कोपऱ्यात कोंडलेल्या फौजेची सुटका, हे सगळे लेखकाने मन लावून मांडले आहे. पण त्यात एक वाक्य आहे : ‘बंदराच्या तोंडाशी असलेले वोल्मीदो हे निर्जन बेट आधी भाजून काढण्यात आले.’ त्या एका वाक्यासाठी हे पत्र लिहितो आहे. वोल्मीदोवर माणसे राहत होती. तिथे गाव होते.

मी दिवाळ्याचा कोळी. वयाच्या एकविसाव्या वर्षी बोटीवर लागलो, ३१ वर्षे मालवाहू जहाजांवर काढली आणि बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, म्हणून निवृत्त झालो. इंचॉनला दोनदा गेलो. पहिल्या खेपेला आम्ही नांगर टाकून, जहाज बंदरात नेणाऱ्या पायलटची वाट बघत होतो. सकाळी किनाऱ्याला टेकलेले पाणी दुपारचे जेवण उरकून डेकवर आलो तर नाहीसे झालेले. नजर जाईल तिथवर करडा चिखल, आणि त्यात बादल्या घेऊन वाकलेल्या बायका. मला क्षणभर वाटले आपल्याच खाडीत आहोत. माझी आईही अशीच वाकून निवट्या आणि चिंबोऱ्या धरायची. फरक एवढाच, की आपल्याकडे मोठ्या उधाणाला पाणी पाच मीटरच्या आसपास चढते. तिथे नऊ-दहा मीटर. म्हणून तर तिथल्या आतल्या गोदीला दरवाजे आहेत. जहाज आत घेऊन दरवाजा बंद करतात, नाहीतर सुकतीला ते चिखलात बसेल.

हा चिखल काय असतो हे मला ठाऊक आहे. नऊ-दहा वर्षांचा असताना खाजणात मांडीपर्यंत रुतलो होतो आणि भरती लागली होती. जितके पाय उपसायला गेलो तितका खाली गेलो. वडिलांनी होडीतली फळी माझ्यापुढे टाकली आणि ओरडले, ‘उभा राहू नको, आडवा पड.’ पोटावर पडून, फळीला धरून सरकत बाहेर आलो. पाणी तोवर छातीशी आले होते. आई नंतर एवढेच म्हणाली, चिखलात थांबला तो रुतला.

इंचॉनला सैनिक उतरवायचे तर हेच सगळे हिशोबात धरावे लागले. रणगाडे नि सामान घेऊन थेट किनाऱ्याला लागणाऱ्या मोठ्या जहाजांना २९ फूट पाणी हवे. तेवढे पाणी महिन्यातले मोजके दिवस, तेही जेमतेम तीन तास. १२ सप्टेंबर १९५० ची अमावास्या सरली आणि १५ तारीख ठरली. गणपतीच्या दिवसांतले हे उधाण, आमच्याकडे पोरालाही कळते. त्या दिवशी एक भरती सकाळी, दुसरी थेट संध्याकाळी. सकाळी साडेसहाला एक बटालियन वोल्मीदोवर उतरली, मग पाणी ओसरले आणि ती दिवसभर तिथे एकटी राहिली. बाकीचे संध्याकाळी साडेपाचला शिड्या लावून इंचॉनच्या दगडी बांधावर चढले. मागून आलेली आठ जहाजे मुद्दाम किनाऱ्याला लावून रात्रभर चिखलात बसवून ठेवली, कारण रात्रीचा दारूगोळा आणि पाणी त्यांच्यातच होते. त्याआधी १३ तारखेला सुकतीच्या वेळी आत शिरलेल्या विनाशिकांना उत्तर कोरियाचे पाणसुरुंग पाण्याच्या वर उघडे पडलेले दिसले आणि तोफांनी ते फोडता आले. ओहोटीने एवढी मदत केली, तिचा लेखात उल्लेखही नाही. पण त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार १० सप्टेंबरची आहे. बेट शहराला बांधाच्या रस्त्याने जोडलेले, आणि त्यावरून बंदरावर तोफा रोखता येत. म्हणून चढाईच्या पाच दिवस आधी अमेरिकी विमानांनी वोल्मीदोवर नापामच्या, म्हणजे अंगाला चिकटून जळणाऱ्या इंधनाच्या, नव्वदहून अधिक टाक्या टाकल्या. सकाळची वेळ, कित्येक जण झोपेतच. जे घराबाहेर पडू शकले ते ओहोटीच्या चिखलात पळाले, वरून आपण साधी माणसे आहोत हे दिसावे म्हणून. विमानांनी त्यांच्यावरही गोळ्या झाडल्या, असे त्यातून बचावलेल्यांनी सांगितले आहे. दक्षिण कोरियाच्याच सत्यशोधन आयोगाने २००८ मध्ये चौकशी करून नोंदवले, की त्या दिवशी किमान १०० रहिवासी मेले.

उघड्या चिखलातून पळणे म्हणजे काय, हे वाचताना माझे पाय गार पडतात. तिथे धावता येत नाही. लहान मूल कडेवर असेल तर एक पाऊल टाकायलाही वेळ लागतो.

बचावलेल्यांना नंतर गावी परतता आले नाही. तिथे आधी अमेरिकी सैन्याचा तळ झाला, मग कोरियाच्या नौदलाचा, आणि २००१ मध्ये बाग. आमचेही खाजण आणि मिठागरे १९७० नंतर नव्या शहरासाठी गेली. मी दोन्ही एका पारड्यात घालत नाही. आमची घरे जागेवर राहिली, आमची माणसे जिवंत राहिली. पण बाप जिथे डोल जाळे लावायचा ती जागा दुसऱ्याच्या नकाशात ‘पडीक’ लिहिलेली मी बघितली आहे, म्हणून ‘निर्जन’ हा शब्द मला लगेच खुपला.

चढाई चुकीची होती असे माझे म्हणणे नाही. त्यामुळे दोन आठवड्यांत राजधानी सोल मोकळी झाली, पुसानकडचा वेढा उठला, आणि इंचॉनच्या बांधावर हातबॉम्ब स्वतःच्या अंगाखाली ओढून साथीदारांना वाचवणाऱ्या लेफ्टनंट बाल्डोमेरो लोपेझबद्दल मला आदरच आहे. लेखात त्याचे नाव आहे, ते योग्यच आहे.

कृपया पुढच्या रविवारी पुरवणीत दुरुस्ती छापावी : वोल्मीदोवर वस्ती होती आणि १० सप्टेंबर १९५० रोजी तिथले किमान १०० रहिवासी नापाम हल्ल्यात मारले गेले. चौकटीला जागा कमी असेल तर माझे हे पत्र छापू नका, पण ती ओळ छापा.

आपला,
एक निवृत्त बोसन
दिवाळे गाव, बेलापूर, नवी मुंबई