तो माणूस पुढे काय म्हणाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत मध्यंतरी एक लेख आलेला, त्याचा सूर असा की आजच्या प्रेक्षकाला धीर म्हणून नाहीच, दर मिनिटाला काहीतरी घडलं नाही तर तो खिशातनं मोबाईल काढतो, तेव्हा नाटकवाले नि टीव्हीवाले बिचारे काय करणार. मी तीसेक वर्षं नाटकं बघतेय, तिकीट काढून बघतेय (पासवर बघणाऱ्यांची मतं वेगळी असतात, असो), आणि घरी मालिका सोडून डॉक्युमेंटरी लावून बसणाऱ्या मोजक्या विचित्र लोकांपैकी पण मी एक आहे. म्हणून म्हटलं त्या बिनधीराच्या प्रेक्षकाच्या वतीने थोडं लिहावं. पत्र लांबलंय. कापायचंच असेल तर सुरुवात कापा, शेवट नको.

आधी चांगलं सांगते. 'चारचौघी' मी दोनदा बघितलं. प्रशांत दळवींचं हे नाटक चंद्रकांत कुलकर्णींनी 1991 ला आणलं तेव्हा मी कॉलेजात होते आणि विषय ऐकूनच घरून नकार आला, त्यामुळे वंदना गुप्तेंचं काम फक्त दुसऱ्यांच्या तोंडून ऐकत मोठी झाले. 2022 ला ते परत आलं, रोहिणी हट्टंगडी, मुक्ता बर्वे, कादंबरी कदम, पर्ण पेठे, तेव्हा पहिली संधी मिळताच गेले. त्यात तो फोनचा प्रसंग आहे, बघितलेल्यांना लगेच कळेल कुठला. मुक्ता बर्वे फोन कानाला लावून बोलतेय, पलीकडचा माणूस दिसत नाही, ऐकूही येत नाही, ती गप्प होते तेवढ्या वेळात तो काय बोलला असेल ते आपण आपल्या मनाने भरायचं. बास, एवढंच. आणि हे दोन-चार मिनिटं नाही हो, चांगलं लांबलचक चालतं. माझ्या शेजारच्या बाईंनी नेमकी त्याच वेळी पर्समधून खोकल्याची गोळी काढलेली, त्या गोळीचा तो चुरचुर वाजणारा कागद असतो ना, तो अर्धा उघडला आणि वाजला म्हणून थांबल्या त्या थांबल्याच. खोकला दाबून, गोळी चिमटीत धरून, प्रसंग संपेपर्यंत तशाच बसल्या. शेवटी टाळ्या पडल्या तेव्हा त्या टाळ्यांच्या आवाजात त्यांनी घाईघाईने कागद सोडवला आणि गोळी तोंडात टाकली. आता मला सांगा, धीर नाही तो कुणाला?

त्याच पंधरवड्यात दुसरं एक नाटक बघितलं. नाव घेत नाही, कारण त्यातल्या दोघा नटांचं काम मला मनापासून आवडतं आणि चूक त्यांची नाहीच. दुसऱ्या अंकात बापाला मुलीबद्दल काहीतरी कळतं, तो खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहतो, काही बोलत नाही. काय सुंदर उभा राहिला होता तो माणूस, खांदे नुसते एवढेसे खाली आले. आणि त्याच सेकंदाला पियानो सुरू! मग व्हायोलिन. मागे एलईडीच्या भिंतीवर पाऊस पडायला लागला. म्हणजे बापाला वाईट वाटायच्या आधी साउंडवाल्याला वाईट वाटलं. मी त्या खांद्यांकडे बघायचं सोडून पावसाकडे बघायला लागले, तो पाऊस लूपवर होता, दर थोड्या वेळाने तीच सर परत यायची, एकदा ते लक्षात आल्यावर माझं नाटकात लक्षच लागेना. वर कॉलर माइक. नट डावीकडे विंगेजवळ कुजबुजतोय आणि त्याची कुजबुज उजव्या कोपऱ्यातल्या स्पीकरमधून माझ्या कानात. आवाजाची फेक, पल्ला वगैरे शब्द आता फक्त श्रद्धांजलीत वापरायला उरलेत बहुतेक.

हे जुनं ते सोनं म्हणून बोलत नाहीये, कृपया तसं छापू नका. संगीताला पण माझा विरोध नाही. असून चालेल कसं, 1880 च्या 'संगीत शाकुंतल' पासून आपल्याकडे माणसं स्टेजवर गातायत, वन्स मोअर घेतायत, मरायच्या आधी सुद्धा एक पद म्हणून घेतायत, आणि आपण ते आनंदाने ऐकतोय. 'संगीत देवबाभळी' 2017 ला आलं, प्राजक्त देशमुखांचं, तेव्हा लोक म्हणाले दोन बायका, तुकोबांच्या घरातली आवली आणि तिची सेवा करायला आलेली लखुबाई म्हणजे रखुमाई, यात बघायचं काय. पायात रुतलेला एक काटा, त्याच्यावर अख्खं नाटक उभं आहे! आणि शुभांगी सदावर्ते नि मानसी जोशी गातात ते त्या दोघींच्या पोटातून आलेलं असतं, आवली चिडली की गाणं चिडतं, देवाशी भांडते तर गाण्यात भांडते. लोकांनी शेकड्यांनी प्रयोग हाऊसफुल्ल केले त्याचे. फरक एवढाच की तिथे गाणं पात्राच्या तोंडातून येतं आणि वर सांगितलेल्या नाटकात ते ऑपरेटरच्या बोटातून येतं. बोटाला काय, दाबलं की वाजतं.

आणि भिंतच हवी तर 'घाशीराम कोतवाल' आठवा. 1972 चं. तेंडुलकरांचं लिखाण, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचं संगीत, कृष्णदेव मुळगुंदांचं नृत्य. मूळ संच माझ्या वडिलांनी बघितलेला, ते जेवताना हाताने करून दाखवायचे, की माणसं ओळीत पाठमोरी उभी राहिली की भिंत व्हायची आणि तोंड वळवलं की तीच माणसं पुण्यातले लोक. त्या भिंतीला वीज लागत नव्हती. वडील हे सांगताना पोळीचा तुकडा हातातच राहायचा, आई ओरडायची. पन्नास वर्षांनी एलईडीवरचा पाऊस कुणी असा हाताने करून दाखवेल का, मला शंका आहे.

'असेन मी... नसेन मी' पण बघितलं, नीना कुलकर्णी, शुभांगी गोखले, अमृता सुभाष, विस्मरणाच्या आजाराबद्दलचं. त्यावर फार लिहीत नाही, घरी वयस्कर आई आहे, बाहेर आल्यावर पार्किंगमध्ये गाडी सुरू करायला वेळ लागला इतकंच. 'सखाराम बाइंडर' परत आलंय, सयाजी शिंदे सखाराम करतायत, ते बघायचं राहिलंय. 1972 मध्ये निळू फुले नि लालन सारंग यांनी केलेलं, दिग्दर्शक कमलाकर सारंगांना सेन्सॉरविरुद्ध कोर्टात जायला लागलेलं ते नाटक. त्यात सखाराम वाजवतो तो मृदंग तेवढा ऐकायचाय मला, दुसरं काही त्याच्या वर वाजू नये एवढी आशा.

बरं, प्रेक्षक पण काही संत नाहीत. तिसऱ्या घंटेनंतर बॅटरी लावून सीट शोधणारे, 'मोबाईल बंद ठेवा' ही सूचना चालू असताना फोनवर बोलणारे, सगळे बघितलेत. एकदा तर भर प्रयोगात, स्टेजवर पूर्ण शांतता, आणि माझ्या मागच्या रांगेतले काका फोन उचलून म्हणाले, "हां बोल, नाटकाला आलोय, नाही नाही, विशेष काही चालू नाहीये." विशेष काही चालू नाहीये! स्टेजवर बाई नवऱ्याचं पत्र वाचत होती. पण गंमत बघा, पुढच्या चार रांगा वळून त्या काकांकडे अशा बघायला लागल्या की त्यांनी तो फोन बंद करून सॉक्समध्ये घातला असता जमलं असतं तर. म्हणजे शांतता हवी असणारे जास्त होते, नको असणारा एक होता. आपल्याकडे सगळी रचना त्या एका काकांसाठी चाललीये असं मला वाटतं.

आता टीव्ही. माहितीपटांचं तर विचारूच नका. किल्ल्यावरची डॉक्युमेंटरी म्हणजे वरून ड्रोन, मग स्लो मोशनमध्ये घोड्याचे पाय (घोडा एकच असतो, तोच तीन वेळा पळतो), मशाल, ढोल, आणि तो खर्जातला आवाज, "आणि मग... तो क्षण आला". क्षण येतो आणि ब्रेक येतो. तटबंदी नेमकी कशी बांधली, पाणी कुठून यायचं, धान्य कुठे साठवायचे, हे सांगायला एक अभ्यासक बसवलेले असतात, ते बिचारे टाक्यातला दगड हाताने चाचपत काहीतरी छान सांगायला लागतात की लगेच ढोल.

कुमार गंधर्वांवर जब्बार पटेलांनीच केलेला 'हंस अकेला' माहितीये ना तुम्हाला? कुमारजी 1948 च्या सुमाराला देवासला गेले, क्षयरोग झालेला, डॉक्टरांनी गायला बंदी घातली, पाचेक वर्षं गाणं बंद. विशी-पंचविशीतला गवई, तोंड उघडायचं नाही, नुसतं अंथरुणात पडून बाहेरून जाणाऱ्यांची माळव्याची लोकगीतं ऐकायची. आणि पुढचं त्यांचं सगळं गाणं त्या ऐकण्यातनं उगवलं. आजच्या टीव्हीवर ही पाच वर्षं किती वेळ चालतील? मी सांगते, आठ सेकंद. ब्लॅक अँड व्हाइट फोटो हळूहळू मोठा होतोय, खाली करुण बासरी, "पण नियतीच्या मनात काही वेगळंच होतं", की पुढचा फोटो. जो माणूस गप्प राहण्यातून घडला त्याची गोष्ट सांगताना पण आपण आठ सेकंद गप्प बसू शकत नाही, कमाल आहे.

आनंद पटवर्धनांचा 'जय भीम कॉम्रेड' हा माहितीपट तीन तासांच्या आसपास आहे. मुंबईतल्या रमाबाई नगर या दलित वस्तीवरचा पोलिसांचा गोळीबार 1997 चा, फिल्म आली 2011 ला, चौदा वर्षं लागली त्यांना. त्यातही गाणी आहेतच की, भरपूर आहेत, पण ती शाहीर माणसं म्हणतात, वस्तीत, चौकात, डफावर, आणि कॅमेरा ऐकतो. मी ती मैत्रिणीच्या घरी लॅपटॉपवर बघितली, चौघी होतो, एकीनेही फॉरवर्ड कर म्हटलं नाही.

आणि आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते. दोनेक महिन्यांपूर्वी एका वाहिनीवर एका दिवंगत नटावर तासाभराचा कार्यक्रम होता. आई आणि मी जेवण लवकर आटपून बसलो, आईने त्यांची बहुतेक नाटकं बघितलेली. तासाभरात अकरा मोठी माणसं येऊन गेली (मी मोजली, दुसरं करण्यासारखं काही नव्हतं) आणि त्यातल्या पाच जणांनी ते म्हणजे एक विद्यापीठ होते असं सांगितलं. नाटकाचा तुकडा एकही नाही. मला कळतं की जुनी रेकॉर्डिंग नसतात, असली तर हक्कांची भानगड असते, ठीक आहे. पण मग मधेच एक म्हातारे गृहस्थ आले. खाली पट्टीवर नुसतं 'बॅकस्टेज' लिहिलं, नावाच्या खाली, बाकीच्यांना 'ज्येष्ठ', 'सुप्रसिद्ध' वगैरे होतं. रिकाम्या स्टेजवर प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेले, शर्टाचं वरचं बटण लावलेलं, हात मांडीवर. ते म्हणाले, एंट्रीच्या आधी विंगेत ते माझ्या खांद्यावर हात ठेवायचे, बोलायचे काही नाहीत, हात नुसता गार असायचा. मग खांद्याला स्वतःच हात लावला त्यांनी. मग म्हणाले, "एकदा कोल्हापूरला..." आणि थांबले. गळा दाटला असेल किंवा आठवत असतील, दोन्ही चालेल, थांबू द्या ना त्यांना! दोन सेकंद झाले नसतील, व्हायोलिन आलं, म्हाताऱ्यांचा चेहरा विरघळला आणि त्यांच्या जागी पुढचे गृहस्थ विद्यापीठ घेऊन हजर.

आई म्हणाली, "अगं, तो काय म्हणाला पुढे?" मी म्हटलं काही नाही, कट केलं. ती म्हणाली, "मागे घे." मागे घेतलं. परत "एकदा कोल्हापूरला", परत व्हायोलिन. तिला वाटलं मी नीट मागे घेतलं नाही, म्हणून तिसऱ्यांदा.

तर संपादक साहेब, तुमच्या ओळखी असतात. त्या वाहिनीकडे त्या माणसाचं बाकीचं शूटिंग कुठेतरी हार्ड डिस्कवर पडलेलं असेल, अर्धा तास तरी बोलले असतील ते, एवढ्या लांब बोलावून बसवलं म्हणजे. ते आहे तसं, न कापता, मागे काही न वाजवता कुठेही टाका म्हणावं, यूट्यूबवर टाका, रात्री बाराला दाखवा. आई अधूनमधून भाजी निवडताना विचारते, कोल्हापूरला काय झालं असेल गं. मी काहीतरी बनवून सांगायचा प्रयत्न केला एकदा, तिला पटलं नाही.

आपली,
एक तिकीट काढून बघणारी प्रेक्षक, पुणे