घरपट्टीची आकारणी बरोबर आहे का, हे एकदा मोजा: नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

घरपट्टी कमी करा, असं सांगायला हे पत्र लिहिलेलं नाही. तशी पत्रं आपल्याकडे ढिगानं येत असतील. महापालिका आमच्या घरांचं जे मूल्य धरतात ते कितपत खरं आहे आणि सगळ्यांना सारख्याच मापानं लागलंय का, हे मोजा आणि जाहीर करा, एवढीच मागणी आहे.

मी एका सोसायटीचा सचिव आहे. सभासदांच्या हरकती घेऊन सुनावणीला गेलं की ठरलेलं उत्तर मिळतं, "साहेब, सिस्टीमनंच काढलंय." ती सिस्टीम बरोबर काढते का, हे कुणी तपासलेलं नसतं.

मुंबईत २०१० पासून भांडवली मूल्यावर कर आहे. रेडी रेकनरचा (सरकारनं भागवार ठरवलेल्या मालमत्तेच्या दरांच्या तक्त्याचा) दर, चटई क्षेत्र, वापर, बांधकामाचा प्रकार, इमारतीचं वय आणि मजला यांचा तो गुणाकार. रेडी रेकनरच्या एका उपविभागाला मात्र एकच दर. त्यात बागेसमोरचा टॉवरही येतो आणि नाल्याकाठची तीन मजली इमारतही. पुण्यात अजून भाड्यावर बेतलेलं करयोग्य मूल्य चालतं. तिथे जुन्या घराला जुना दर आणि शेजारच्या नव्या फ्लॅटला नवा. मुंबईच्या नियमांतले काही २०१९ मध्ये उच्च न्यायालयानं रद्द केले आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल कायम ठेवला. पण न्यायालय नियम कायद्यात बसतो का ते बघतं. आकडा बाजाराशी जुळतो का, हे बघणं सरकारचं काम.

त्याची रीत जगात रुळलेली आहे. विकल्या गेलेल्या घराचं करासाठी धरलेलं मूल्य भागिले विक्रीची किंमत. समजा, एक कोटीचा फ्लॅट दफ्तरी ८० लाखांचा आहे आणि पाच कोटींचा अडीच कोटींचा. गुणोत्तरं आली ०.८० आणि ०.५०. कराचा दर एकच, तरी छोट्या घरवाला किमतीच्या प्रत्येक रुपयामागे दीडपटीहून जास्त भरतोय. या दोन गुणोत्तरांची साधी सरासरी ०.६५. दोन्ही घरांची मूल्यं एकत्र करून किमतींच्या बेरजेनं भागली तर ०.५५. पहिलीला दुसरीनं भागलं की १.१८ येतात. इंटरनॅशनल असोसिएशन ऑफ असेसिंग ऑफिसर्स या संस्थेच्या मानकानुसार हा आकडा ०.९८ ते १.०३ मध्ये असायला हवा. वर गेला, म्हणजे स्वस्त घरांवर भार जास्त. पुण्यासारख्या पद्धतीतही हा हिशेब चालतो, कारण गुणोत्तर मोठं की लहान यापेक्षा ते घराघरांत किती बदलतं, ते महत्त्वाचं.

शिकागो ज्या कुक काउंटीत आहे, तिथे २०१७ मध्ये शिकागो ट्रिब्यून आणि प्रोपब्लिका इलिनॉयनं असाच हिशेब मांडला. स्वस्त घरांचं मूल्य वाजवीपेक्षा जास्त धरलं जात होतं आणि महागड्यांचं कमी. हरकतींची सोय होती, पण तिचा फायदा श्रीमंत वस्त्यांनीच जास्त उचलला आणि तफावत आणखी वाढली. पुढच्या वर्षी तिथले असेसर, म्हणजे करासाठी घरांचं मूल्य ठरवणारे निवडून आलेले अधिकारी, जोसेफ बेरिओस पक्षांतर्गत निवडणुकीत हरले. त्यांच्या जागी आलेल्या फ्रिट्झ केगी यांनी मूल्यांकनाचा संगणकीय कोड सर्वांसाठी खुला केला. आमचे गुणांक कुठून आले, हे आम्ही माहिती अधिकारात विचारत बसतो.

आपल्याकडे एक मेख आहे. करारातली किंमत आणि रेडी रेकनर यांत जी रक्कम जास्त तिच्यावर मुद्रांक शुल्क लागतं आणि रेडी रेकनरच्या फार खाली गेलं तर आयकर खातंही हिशेब मागतं. म्हणून बरेच करार त्या आकड्याला चिकटून नोंदवले जातात. वरचे पैसे कसे जातात, हे मी आपल्याला सांगायला नको. असे करार धरले तर मुंबईची आकारणी कागदावर सुरेख दिसेल, कारण आपण रेडी रेकनर रेडी रेकनरशीच ताडून बघत असू. तेव्हा गृहकर्जावर झालेली खरेदी वेगळी मोजा. तिथे बँकेचा मूल्यांकनकार घर बघून गेलेला असतो आणि किंमत फार लपत नाही. कर्जदार नोंदणी विभागाकडे नोटीस ऑफ इंटिमेशन, म्हणजे घर गहाण ठेवल्याची सूचना, भरतात, त्यामुळे हे व्यवहार कोणते तेही सरकारला कळतं.

खरी डोकेदुखी जुळवणीची आहे. इंडेक्स टूवर, म्हणजे नोंदणी झालेल्या खरेदीखताच्या गोषवाऱ्यावर, सिटी सर्व्हे नंबर, घरपट्टीच्या बिलावर महापालिकेचा खाते क्रमांक आणि दोघांतला पत्ता वेगवेगळ्या पद्धतीनं लिहिलेला. शिवाय नोंदणी विभाग महसूल खात्याकडे आणि महापालिका आपल्याकडे. म्हणून सगळ्या राज्याचं एकदम काढू नका. मुंबईतला एक आणि पुण्यातला एक प्रभाग घ्या, गेल्या तीन वर्षांची खरेदीखतं हातानं जुळवा आणि मालकांची नावं झाकून घरागणिक गुणोत्तरं महापालिकेच्या संकेतस्थळावर टाका. करवाढीचा पुढचा प्रस्ताव स्थायी समितीपुढे जाईल, तेव्हा हा तक्ता त्याला जोडलेला असावा.

आपला,
एक घरपट्टी भरणारा