प्लॉटचा आधीचा फोटोही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवार पुरवणीत घरांचे, इमारतींचे जे फोटो येतात ते मी अगदी आवडीने बघते, काही कापूनही ठेवलेत. पण बरेच दिवस एक गोष्ट खटकतेय म्हणून लिहितेय. फोटोत घर असतं, मागे डोंगर नाहीतर तळं असतं, आणि खाली ओळ असते 'निसर्गाच्या कुशीत'. आता डोंगर मागे असणं वेगळं आणि घराने त्या डोंगराचं ऐकणं वेगळं. माझी साधी कसोटी आहे, ती इमारत मनातल्या मनात उचलायची आणि दुसऱ्या कुठल्यातरी सपाट प्लॉटवर नेऊन ठेवायची, तिथेही ती तेवढीच छान दिसत असेल तर निसर्गाशी तिचं नातं फक्त फोटोपुरतं आहे असं मी समजते.

या कसोटीवर सगळ्यात आधी आठवतं ते अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातलं फॉलिंगवॉटर हे घर. आर्किटेक्ट फ्रँक लॉइड राइटने १९३५ मध्ये त्याचं डिझाइन केलं. ज्यांच्यासाठी ते बांधलं त्या कॉफमन कुटुंबाची अपेक्षा होती की घरातून धबधबा दिसावा, राइटने घर धबधब्याच्या वरच बांधलं, म्हणजे बसल्या जागेवरून तो दिसत नाही पण पाण्याचा आवाज घरभर असतो. सगळे त्या काँक्रीटच्या लांब सज्ज्यांबद्दल बोलतात, मला मात्र हॉलमधल्या शेकोटीपुढचा दगड जास्त आवडतो. तो तिथलाच मूळचा खडक, फोडला नाही, जमिनीतून तसाच वर येऊ दिला. भोवतीच्या फरशीला पॉलिश आहे आणि या खडकाला नाही, त्यामुळे फरशी ओल्या ओढ्यासारखी चमकते आणि मधे हा कोरडा दगड डोकं वर काढून बसलेला दिसतो. केवढा बारीक विचार आहे हा! एका दगडाला पॉलिश करायचं नाही एवढंच ठरवलं आणि अख्खा ओढा घरात आला. घर निर्दोष नाही हे खरं, सज्जे सुरुवातीपासूनच झुकायला लागले होते आणि २००२ मध्ये आतून केबल ताणून ते सावरावे लागले, पण म्हणून माझं त्याच्यावरचं प्रेम काही कमी होत नाही.

दुसरं फिनलंडमधल्या हेलसिंकीचं टेम्पेलियाउकिओ चर्च, १९६९ मध्ये पूर्ण झालेलं, टिमो आणि टुओमो सुओमालाइनेन या आर्किटेक्ट भावांचं. शहराच्या मधोमध एक मोठा खडक होता, तो सपाट न करता आत पोखरला आणि वर तांब्याचा घुमट ठेवला. भिंती म्हणजे तो फोडलेला खडकच, सुरुंगाच्या खुणांसकट. गंमत म्हणजे चर्चच्या डिझाइनसाठी झालेल्या स्पर्धेला दिलेल्या आराखड्यात खडक असा उघडा ठेवलेला नव्हता, परीक्षकांना ते फारच धाडसी वाटेल असं भावांना वाटलं होतं. नंतर ध्वनीच्या तज्ज्ञांशी बोलताना लक्षात आलं की आवाज चांगला घुमण्यासाठी भिंती जशा हव्यात तसा हा ओबडधोबड खडक आयताच आहे, मग प्लास्टरबिस्टर काही न करता तो तसाच ठेवला. आज तिथे मैफिली होतात. मला वाटतं सौंदर्य नेमकं इथेच सापडतं, जागेत जे आधीपासून होतं तेच माणसाच्या कल्पनेच्या कामाला येतं आणि मग हे निसर्गाचं की माणसाचं हे वेगळं सांगताच येत नाही.

कधीकधी तर जागेपासून लांब जाणं हीच कल्पकता असते. श्रीलंकेत सिगिरिया या प्राचीन किल्ल्याच्या प्रचंड खडकाजवळ हॉटेल बांधायचं घाटत होतं, आर्किटेक्ट जेफ्री बावांनी जागाच बदलायला लावली आणि ते लांब कंदलमा तलावाच्या काठावर नेलं, तिथून पाण्यापलीकडे सिगिरिया दिसतो. जवळजवळ एक किलोमीटर लांबीची ती इमारत आज वेलींनी इतकी झाकली गेलीय की लांबून कडाच वाटते. तेव्हा पर्यावरणवाद्यांचा विरोध होता आणि तो गैर होता असं मी म्हणणार नाही, एवढं मोठं बांधकाम रानात येतं तेव्हा प्रश्न विचारलेच पाहिजेत.

आणि हे सगळं पैसेवाल्यांनाच जमतं असंही नाही, स्वस्तात घरं बांधणारे आर्किटेक्ट लॉरी बेकर आयुष्यभर हेच करत राहिले. तिरुवनंतपुरमच्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजमध्ये त्यांनी झाडं तोडण्याऐवजी भिंती वळवल्या. वळणाची वीटभिंत तशीही सरळ भिंतीपेक्षा स्थिर उभी राहते, म्हणजे झाडही वाचलं, भिंतही मजबूत झाली आणि दिसायला तर काय सुंदर!

आपल्याकडे होतं काय, तर आधी जेसीबी येतो. उतार कापून सपाट केला की वरची चांगली माती जाते, पावसाचं पाणी वाट बदलतं, मग कापलेला उतार ढासळू नये म्हणून भलीमोठी रिटेनिंग वॉल लागते आणि शेवटी त्या भिंतीवर शोभेच्या कुंड्या. एखादं झाड 'ठेवलं' म्हणतात पण बुंध्याशी दोन फूट भराव टाकतात, पेव्हर ब्लॉक अगदी खोडापर्यंत आणतात, मुळांना हवा मिळत नाही आणि काही वर्षांत ते झाड वाळतं. तोपर्यंत फोटो काढून झालेला असतो.

म्हणून एक विनंती आहे. यापुढे पुरवणीत इमारतीचा फोटो छापाल तेव्हा शेजारी त्या प्लॉटचा बांधकामाआधीचा फोटोही छापा, लहान का असेना. आणि आर्किटेक्टला एवढंच विचारा की या जागेमुळे तुमच्या प्लॅनमध्ये काय बदललं, कुठला खडक, कुठलं झाड, कुठला उतार. उत्तर दोन ओळींचं असलं तरी चालेल, आणि आधीचा फोटो मिळालाच नाही तर 'उपलब्ध नाही' असं तिथे लिहा. जमलं तर लॉरी बेकरांच्या कामावर एखादा पानभर लेखही येऊ द्या, प्लॅनच्या ड्रॉइंगसकट.

आपली,
एक नियमित वाचक