पाच स्टार देऊन बसले

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या पावसाळ्यात एका पहाटे माझ्या यजमानांच्या छातीत दुखू लागले. पित्त असेल म्हणून आवळासुपारी देण्यात आम्ही अर्धा तास घालवला (तो आमचाच मूर्खपणा) आणि मग रिक्षाने जवळच्या खासगी रुग्णालयात गेलो. तिथे स्ट्रेचरवर घेतल्याबरोबर ईसीजी निघाला. दहा मिनिटांत ईसीजी आणि दीड तासाच्या आत बंद रक्तवाहिनी उघडायची, असा डॉक्टरांचा दंडक असतो हे मला नंतर कळले. आमच्या बाबतीत तो पाळला गेला. त्याबद्दल काडीचीही तक्रार नाही.

चौथ्या दिवशी डिस्चार्ज. बिलाच्या खिडकीपाशी माझ्या हातात एक टॅब ठेवला गेला. त्यावर हसरे, रडवे चेहरे. चहा कसा होता? चादरी रोज बदलल्या का? ‘काकू, पाच स्टार द्या ना,’ तिथला मुलगा अजिजीने म्हणाला. दिले. नवऱ्याला जिवंत घरी न्यायला निघालेली बाई चार तरी कशाला देईल? ‘घरी घ्यायच्या काळजीच्या सूचना समजल्या’ या ओळीपुढचा हिरवा चेहराही मी दाबला. फाइल तोवर माझ्या हातात पडलीच नव्हती.

घरी येऊन कार्ड पाहिले. सात गोळ्या, 1-0-1, 0-0-1. कुठली कशासाठी, किती दिवस, काही नाही. तळाशी ‘15 दिवसांनी ओपीडी’. बाराव्या दिवशी दात घासताना यजमानांच्या हिरड्यांतून रक्त आले. पीएमटीत (पुण्याच्या जुन्या शहर बससेवेत) मेकॅनिक होते, त्यामुळे निदान त्यांनीच केले: रक्त फार पातळ झालेय. रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन्ही गोळ्या त्यांनी मला न सांगता बंद केल्या. डबीतले सोमवार-मंगळवारचे खण तसेच दिसले तेव्हा मला पत्ता लागला. रुग्णालयाचा फोन ‘अपॉइंटमेंटसाठी एक दाबा’ म्हणत राहिला. शेवटी रात्री नऊ वाजता गल्लीतल्या फॅमिली डॉक्टरांनी आम्हा दोघांना झापले. स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) टाकल्यावर या दोन गोळ्या साधारण वर्षभर घ्यायच्या, हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही चुकवायच्या नाहीत, नाहीतर स्टेंटमध्येच गुठळी होऊन पुन्हा झटका येऊ शकतो. एवढे सांगायला त्यांना अर्धे मिनिट लागले.

रुग्णालयात नीट काही समजावले ते फक्त रात्रपाळीच्या एका सिस्टरने. छातीत दुखल्यास जिभेखाली ठेवायची गोळी बसूनच घ्यायची, बीपी उतरून चक्कर येते, हे तिने यजमानांकडून दोनदा म्हणवून घेतले. तिचे नाव लिहायला टॅबवर जागा नव्हती.

रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावणे राज्यात 2021 पासून बंधनकारक आहे. या रुग्णालयात ती लिफ्टशेजारी आहे, माहिती मिळण्याच्या हक्कासकट. माझे म्हणणे इतकेच, की समाधान विचारायचे तर बिलाच्या खिडकीवर विचारू नका, आठवड्याने घरी फोन करा. चहाचे राहू द्या. ‘काका, रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या कधीपर्यंत घ्यायच्यात, सांगा बरं?’ असे विचारा, आणि उत्तर चुकले तर मार्क रुग्णालयाचे कापा.

आम्हाला फोन आला नाही असे नाही. महिन्याभराने आला. संपूर्ण शरीर तपासणीच्या पॅकेजवर सवलत चालू आहे, हे सांगायला.

– एक वाचक, कर्वेनगर, पुणे