फडावरच्या मुलांची अंगणवाडी कोणती?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गळीत हंगाम जवळ आला की ऊसदर, थकीत एफआरपी (केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर) आणि तोडणी यंत्रे यांच्या बातम्यांना आपल्या वृत्तपत्रात ठळक जागा मिळते, आणि ती मिळायलाच हवी. परंतु याच हंगामात बीड, अहिल्यानगरचा पाथर्डी भाग, जालना, धाराशिव अशा पट्ट्यांतून सांगली, सातारा, कोल्हापूरकडे येणाऱ्या तोडणी कामगारांबरोबर सहा वर्षांखालची जी मुले येतात, त्यांचे पोषण, लसीकरण आणि सांभाळ ही नेमकी कोणाची जबाबदारी, याची चर्चा क्वचितच होते. एकात्मिक बाल विकास सेवा योजनेत सांगली जिल्ह्यात पर्यवेक्षिका म्हणून नोकरी केलेली असल्याने, ही चर्चा व्हावी या हेतूने हे पत्र लिहीत आहे.

शाळेत जाणारी मुले गावी राहू शकतील अशी थोडीफार व्यवस्था आज आहे. हंगामी वसतिगृहे आहेत, आजी-आजोबांकडे मुलांना ठेवण्याची रीतही आहे. दोन वर्षांचे मूल मात्र मागे ठेवता येत नाही, ते आईबरोबर येतेच. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, त्या जोडीच्या कोयत्यावर घेतलेली असते, त्यामुळे मुलासाठी आईने कोपीत, म्हणजे मुक्कामाच्या तात्पुरत्या झोपडीत, थांबण्याचा प्रश्नच उरत नाही. पहाटे चारच्या सुमारास टोळी फडाकडे निघते तेव्हा थंडीत गोधडीत गुंडाळलेले मूल गाडीत असते. दिवसभर ते बांधावर, पाचटाच्या सावलीत किंवा गाडीच्या जुवाला बांधलेल्या झोळीत राहते, आणि त्याच्यावर लक्ष ठेवायला बहुधा सात-आठ वर्षांची बहीण असते, जिची शाळा त्यामुळेच बुडालेली असते. आई मोळी डोक्यावर घेऊन गाडीकडे जाते त्या वेळात मूल कोठे रांगत गेले, हे त्या बहिणीखेरीज कोणीही पाहत नाही. अंगणवाडी उघडते तोवर या कुटुंबाचे निम्मे काम उरकलेले असते.

वास्तविक सेवा दोन्हीकडे आहेत. मुलाच्या मूळ गावी अंगणवाडी आहे आणि ज्या गावाच्या शिवारात त्याची कोपी पडते तेथेही आहे. कागदावर त्याचा हक्क कोठेही खंडित होत नाही: सहा महिने ते तीन वर्षांच्या बालकांना घरपोच आहार, तीन ते सहा वर्षांच्या मुलांना गरम ताजा आहार, दरमहा वजन, लसीकरण. प्रत्यक्षात गरम आहार शिजवणाऱ्या बचत गटाचे बिल नोंदलेल्या मुलांच्या उपस्थितीवर निघते, आणि त्यासाठी 2017 मध्ये ठरलेला मुलामागे प्रतिदिन आठ रुपयांचा दर वर्षानुवर्षे तसाच राहिला. पाहुणी म्हणून आलेली पंधरा-वीस मुले अचानक वाढली तर त्यांचा भात कोणाच्या हिशेबातून शिजवायचा, असा साधा प्रश्न सेविकेपुढे उभा राहतो. मुलाची नोंद पोषण ट्रॅकर या अंगणवाड्यांच्या मोबाइल अ‍ॅपवर गावाकडच्या अंगणवाडीत असते. 2025 पासून घरपोच आहारासाठी चेहऱ्याची पडताळणीही आली. राज्याच्या महिला व बालविकास विभागाने स्थलांतरितांचा माग ठेवणारी प्रणाली आणली हे स्वागतार्हच आहे, पण आलेल्या मुलाची नोंद घ्यायला कोणीतरी कोपीपर्यंत चालत जावे लागते, आणि कोणत्या शिवारात कोणती टोळी उतरली आहे हे सेविकेला ठाऊक नसते.

ते ठाऊक असते साखर कारखान्याच्या शेतकी विभागाला आणि टोळी आणणाऱ्या कंत्राटदाराला, म्हणजे मुकादमाला. करार पावसाळ्यातच होतात. कोणत्या गटात किती कोयते उतरणार, याचा अंदाज बॉयलर पेटण्याच्या कितीतरी आधी कारखान्याकडे तयार असतो. आमच्या भागातील एका कारखान्याकडे ही यादी मागितली असता, हा कामगारांचा नव्हे तर मुकादमांचा हिशेब असल्याचे उत्तर मिळाले, आणि खरे सांगायचे तर ते उत्तर कायद्याला धरूनच होते. तोडणी कामगार मुकादमामार्फत येत असल्याने तो कारखान्याचा कामगार मानला जात नाही, म्हणून कामगारांच्या मुलांसाठीच्या पाळणाघराची कायदेशीर तरतूद त्याच्या मुलाच्या वाट्याला येत नाही.

या मुलांसाठी स्थानिक पातळीवर एकत्र येणे म्हणूनच अपरिहार्य आहे. कारखान्याकडे माहिती आहे, ग्रामपंचायतीकडे जागा, पाणी आणि महिला व बालकल्याणासाठी राखून ठेवायचा स्वउत्पन्नातील दहा टक्के निधी आहे, बाल विकास प्रकल्पाकडे आहार आणि सेविका आहे, प्राथमिक आरोग्य केंद्राकडे लस आणि परिचारिका आहे. आणि आपले मूल कोणत्या वेळी, कोठे ठेवता येईल हे फक्त त्याच्या आईला सांगता येते, जिला आजवर कोणीही बैठकीला बोलावलेले नाही. यावर आणखी एक समिती नेमावी असे मी सुचवत नाही. गावागावांत ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती आहेच, आणि पुष्कळ ठिकाणी ती नावाच्या पाटीपलीकडे फारसे काम करत नाही.

अशी संयुक्त कामे महाराष्ट्राला नवीन नाहीत. आरोग्यसेवांवरील लोकाधारित देखरेख 2007 पासून अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत सुरू झाली, तेव्हा पुण्याच्या ‘साथी’ संस्थेच्या समन्वयाने स्थानिक संस्था, ग्रामस्थ आणि आरोग्य कर्मचारी यांनी सेवांचे प्रगतिपत्रक भरले आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांना समोरासमोर उत्तरे द्यावी लागली. त्याही आधी बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आताच्या पालघर जिल्ह्यातील कोसबाडला पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच विकासवाडीत आणली होती, जेणेकरून धाकट्या भावंडाला सांभाळणाऱ्या मुलीची शाळा सुटू नये. फडावरच्या त्या बहिणीला आज नेमके हेच हवे आहे.

सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2006 मध्ये, जेथे सहा वर्षांखालील किमान 40 मुले आहेत आणि अंगणवाडी नाही अशा वस्तीला मागणी केल्यापासून तीन महिन्यांच्या आत अंगणवाडी द्यावी, असा आदेश दिला. आदेश मोलाचा आहे. पण पाच-सहा महिन्यांच्या हंगामात टोळी उतरल्यावर मागणी केली तर अंगणवाडी मिळेपर्यंत निम्मा ऊस तुटलेला असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2015-16 आणि 2019-21 या दोन्ही फेऱ्यांत राज्यातील पाच वर्षांखालील लुकड्या मुलांचे प्रमाण 25.6 टक्क्यांवरच राहिले. उंचीच्या मानाने वजन कमी असलेले असे मूल ऑक्टोबरमध्ये गावी तपासले गेले आणि पुढचे वजन थेट एप्रिलमध्ये झाले, तर मधल्या काळात ते किती घसरले हे कोणालाच कळत नाही.

माझी सूचना मर्यादित आहे. साखर आयुक्तालय दरवर्षी गाळप परवाना देते. त्या अर्जासोबत कारखान्याने टोळ्यांच्या नियोजित मुक्कामांची आणि त्यांतील लहान मुलांची अंदाजे यादी जोडावी, अशी अट घालावी. ती यादी हाती आल्यावर गटविकास अधिकाऱ्यांनी दसऱ्यापूर्वी कारखाना, मुकादम, बाल विकास प्रकल्प, आरोग्य विभाग, संबंधित सरपंच आणि तालुक्यातील संस्था यांची बैठक घ्यावी, आणि टोळ्या उतरताच दुसरी बैठक मुक्कामावरच, संध्याकाळी, आयांसमवेत घ्यावी. मोठ्या मुक्कामांवर पहाटेपासून चालणारे पाळणाघर काढावे व ते सांभाळण्यासाठी टोळीतीलच एखाद्या वयस्क बाईला मानधन द्यावे. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून प्रतिटन दहा रुपये घेतले जातात, त्यातून हा खर्च करण्यास हरकत नसावी. जिल्ह्यातील कारखान्यांच्या अध्यक्षांनी यावर आपली भूमिका आपल्या वृत्तपत्रातून मांडावी, अशी विनंती आहे.

आपली,
एक निवृत्त पर्यवेक्षिका,
जि. सांगली