तिसरा फॉरवर्ड कुठे होता?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कॅनडातल्या हौशी आइस हॉकीवर आपल्या पुरवणीत आलेला लेख इकडच्या मराठी खेळाडूंमध्ये बराच फिरला. लेख चांगला आहे, पण डिफेन्समनने (बचावाच्या खेळाडूने) हल्ल्यात पडू नये, आपली जागा धरून बसावे, हा त्यातला सल्ला पटला नाही. टोरांटोच्या आसपास रात्री दहा-अकराला सुरू होणाऱ्या सामन्यांतही बेंचवर हेच ऐकू येते. डिफेन्समन पुढे जातो, पक (खेळायची रबरी चकती) हातचा जातो, समोरचा एकटाच गोलकीपरवर चालून येतो, गोल होतो आणि सगळे डिफेन्समनकडे बघतात. त्या वेळी विचारायला हवे, की तिसरा फॉरवर्ड कुठे होता?

बर्फावर गोलकीपर सोडून पाच जण: दोन डिफेन्समन आणि तीन फॉरवर्ड, म्हणजे मधला सेंटर व दोन कडांचे विंगर. त्यातल्या दोघा डिफेन्समनना मागे खिळवले की हल्ल्याला तिघेच उरतात, आणि समोर दोन डिफेन्समन व एक सेंटर, म्हणजे तिघांना तिघे. हौशी संघातले विंगर मात्र परत येताना रमतगमत येतात, आणि आले तरी त्यांची नजर पकवर असते. मागून येणाऱ्या चौथ्याला कोणीच धरत नाही. डिफेन्समनने व्हायचे ते हा चौथा. जोडीतल्या दुसऱ्याने रिंकच्या मधोमध, दोन्ही बोर्डांपासून (कडेच्या भिंतींपासून) सारख्या अंतरावर राहायचे. दोघेही एकदम निघाले तर मात्र आपल्या लेखकाचे म्हणणे खरे ठरेल.

आपल्या गोलजवळून विंगरला पहिला पास दिला की बहुतेक डिफेन्समन काय होते ते बघत उभे राहतात. नेमकी तिथेच तीन-चार पावले जीव खाऊन मारायची. दोन ब्लू लाइनमधला (रिंकवरच्या आडव्या निळ्या रेषांमधला) पट्टा ५० फुटांचा असतो, तो ओलांडेपर्यंत ही सुरुवातीची पावलेच कामाला येतात. मात्र पक आपल्या माणसाच्या स्टिकवर पक्का असेल तरच निघायचे. दोघांच्या झटापटीत असेल तर नाही. पक नेणाऱ्याच्या पंधरा-वीस फूट मागे राहायचे. त्याच्या बरोबरीने पळालात तर पक ब्लू लाइन ओलांडायच्या आत तुमचे दोन्ही स्केट आत जाऊन ऑफसाइड होईल, शिवाय समोरच्यांना तुम्ही दिसाल. विंगर कडेने खोल घुसला की त्यांचे डिफेन्समन गोलकडे सरकतात आणि त्यांच्यापुढे, गोलच्या दोन बाजूंना बर्फावर आखलेल्या वर्तुळांच्या माथ्यालगत (ब्लू लाइनकडच्या कडेलगत), गोललाइनपासून साधारण ३५ फुटांवर, जागा मोकळी होते. तिथे स्टिकचे पाते बर्फाला टेकवून पोहोचायचे. पास आला तर लगेच मारायचे. नाही आला तर वळायचे. गोलसमोर ‘अजून एक पास मिळेल’ म्हणून घुटमळणारा डिफेन्समन हाच खरा घातकी.

हल्ला समोरच्या टोकाला स्थिरावला की डिफेन्समनची जागा ब्लू लाइनवर, ज्याला पॉइंट म्हणतात. येथून गोललाइन ६४ फूट. अगदी रेषेवर उभे राहू नये, दोन-तीन फूट आत राहावे. सामना संपत येतो तेव्हा बर्फ खरवडलेला असतो, पक उड्या मारत येतो, आणि तो निसटून रेषेबाहेर गेला की आतल्या सगळ्यांना बाहेर येऊन पुन्हा सुरुवात करावी लागते. पक आल्यावर स्टिक खांद्यामागे नेऊन फटका मारायचा मोह आवरावा. अनेक हौशी लीगमध्ये स्लॅप शॉटला बंदीच आहे. नसली तरी तेवढ्या वेळात त्यांचा विंगर अंगावर येतो. त्याच्या नडगीच्या पॅडला आपटलेला पक त्याच्याच पुढ्यात पडतो आणि तो एकटा सुटतो. आपल्याला हवा तो रिस्ट शॉट. पक पात्याच्या टाचेकडून टोकाकडे घोळवत सोडायचा आणि फटक्याअखेर स्टिक गुडघ्याच्या वर जाऊ द्यायची नाही. गोलकीपरला चकवून थेट गोल व्हावा ही अपेक्षाच नको. पक खाली राहिला तर गोलसमोर उभ्या असलेल्या आपल्या माणसाला त्याला पाते लावता येते, किंवा पॅडवरून उसळलेला परत मिळतो. समोरचा वाटेत उभा असेल तर ब्लू लाइनला धरून दोन पावले मध्याकडे सरकावे, कोन बदलतो. तरीही फट दिसली नाही तर पक बोर्डावरून खोलात पाठवून द्यावा, त्यात कमीपणा नाही. जोडीदाराला ब्लू लाइनवरून सरळ आडवा पास मात्र जपून. तो मधेच कापला गेला तर दोघेही एका फटक्यात मागे पडतात. म्हणून दुसऱ्याने थोडे मागे, तिरक्या रेषेत उभे राहावे.

सगळ्यात जास्त भांडणे होतात ती पिंचवरून, म्हणजे समोरचा विंगर बोर्डालगत पक बाहेर काढत असताना डिफेन्समनने पॉइंट सोडून त्याच्यावर जावे की नाही यावरून. विंगरची पाठ तुमच्याकडे असेल, किंवा बोर्डावरून घरंगळत येणाऱ्या पकपाशी तुम्ही त्याच्या आधी पोहोचत असाल, तर जा. पोहोचायला जरा जरी उशीर होणार असेल तर जाऊ नका. ‘जवळजवळ पोहोचलो होतो’ याला काही अर्थ नाही. हौशी खेळात अंगावर आदळायला सहसा मनाई असते, त्यामुळे बोर्डालगतची वाट स्टिकनेच अडवावी लागते. माणूस थांबवण्याचा दुसरा उपाय हाताशी नसतो. डाव फसलाच तर पकच्या मागे धावू नये, थेट आपल्या गोलच्या समोरची जागा गाठावी.

आता तिसरा फॉरवर्ड. तिघा फॉरवर्डांपैकी पकपासून सर्वात लांब असलेल्याने वर्तुळांच्या माथ्यावर थांबायचे असते. तो अमुक एकच खेळाडू असे नाही, पक फिरेल तशी ही पाळी बदलते. डिफेन्समन पुढे गेला की याने लगेच वळून त्याची ब्लू लाइनवरची जागा घ्यायची. कबड्डीत कोपरारक्षक पाय धरायला झेपावला की शेजारी साखळी सावरतो, तसेच हे. हौशी संघांत ते होत नाही, कारण तिघांनाही गोलजवळच राहायचे असते. तिघे गोललाइनच्या खाली कोपऱ्यात आणि डिफेन्समन वर्तुळात, म्हणजे मागे एकटा जोडीदार, आणि समोरून दोघे सुटलेले. चूक तिघांची, बोल एकाला. उलटे स्केटिंग येत नाही ही सबब चालत नाही. जागा घेऊन उभे राहिले तरी समोरच्याला वळसा घ्यावा लागतो आणि गेलेला परत यायला तेवढे दोन-तीन सेकंद मिळतात.

बॉबी ऑरचे नाव या वादात हटकून निघते. एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये गुणांच्या (गोल आणि गोलला दिलेले पास मिळून) यादीत पहिला आलेला तो आजवरचा एकमेव डिफेन्समन, तोही दोनदा, १९६९-७० आणि १९७४-७५ च्या हंगामांत. पण त्याच्यासारखे पुढे जायचे तर त्याच्यासारखे परतताही यावे लागते. ज्याचे उलटे स्केटिंग कच्चे त्याला विंगवर खेळवा, डिफेन्सला नको. आमच्याकडे उलट होते. गोल करण्याची हौस असलेले आधी फॉरवर्डच्या जागा अडवतात, उरलेले मागे.

दुसऱ्या पिरियडची (सामन्याच्या दुसऱ्या भागाची) एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. टोके बदलल्यामुळे आपला गोल बेंचपासून लांब जातो आणि हल्ल्याची ब्लू लाइन बेंचजवळ येते. पुढे गेलेल्या डिफेन्समनला शिफ्ट बदलायची (बेंचवरच्याला आत पाठवून आपण बाहेर पडायची) हीच सोयीची जागा, पण पक समोरच्या कोपऱ्यात खोल असेल तेव्हाच. पक आपल्या गोलकडे निघाला असेल तर दम कितीही लागला असो, आधी मागे यायचे.

आपला,
हौशी लीगमधला एक डिफेन्समन, मिसिसागा (ऑन्टारिओ)